टाचणीवरची माशी आणि फोटोतली माशी

मराठीत मधमाशीही माशी आणि गांधीलमाशीही माशी. डासाला मात्र कुणी माशी म्हणत नाही. कीटकांचं वर्गीकरण करणाऱ्याचा हिशेब नेमका उलटा असतो, कारण तो पंख मोजतो. मधमाशीला चार पंख, म्हणून ती माशी नव्हे. डासाला दोनच, म्हणून तो माशांच्या गोतातला. मागच्या पंखांच्या जागी माशीला दोन बारीक दांड्या असतात, टोकाला गाठ असलेल्या. उडताना त्या थरथरत असतात आणि शरीराचा तोल सांभाळतात. घरी मेलेला डास सापडला तर भिंगाखाली धरून बघा. पंखांच्या मागेच दिसतील.

हे आधी सांगितलं, कारण आजची माशी भुंग्याचं सोंग घेते. आपल्याकडे वाशात, बांबूत भोक पाडून राहणारा काळा भुंगा सगळ्यांनी पाहिला आहे. त्याचा एक भाऊबंद दक्षिण आफ्रिकेत असतो. तिथल्या क्वाझुलु-नाताल प्रांतात त्याच्यासारखीच केसाळ, जाडजूड माशी दिसली आणि तिचे फोटो काढले गेले. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाचे स्टीफन मार्शल आणि हवाईच्या बिशप संग्रहालयाचे नील एव्हनह्युस या दोघांनी २०१५ मध्ये 'झूकीज' या नियतकालिकात तिचं वर्णन छापलं. नाव ठेवलं मार्लेयिमिया झायलोकोपी. झायलोकोपा म्हणजे भुंगा.

जगात आजवर माशांच्या दीड लाखाहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, त्यात आणखी एक. एवढंच असतं तर मी आज इथे उभा राहिलो नसतो. पण या जातीची एकही माशी कुठल्याही संग्रहालयात नव्हती. वर्णन छापलं गेलं ते फोटोंवरून.

यात बिघडलं काय, हे समजायला वर्णन कसं करतात ते बघावं लागेल. नवी जात सापडली त्या दिवशी तिला नाव मिळत नाही. वर्णन रीतसर छापून आलं की मिळतं. आणि ते नाव एका ठरावीक नमुन्याला बांधलेलं असतं, दाव्यानं खुंट्याला जनावर बांधावं तसं. त्या नमुन्याला होलोटाइप म्हणतात. पुढे पन्नास वर्षांनी कुणाला शंका आली, तर तो त्या खुंट्यापाशी येतो आणि आपली माशी शेजारी ठेवून ताडून बघतो.

माशी टाचणीवर लावण्याचीही एक रीत आहे. टाचणी छातीच्या बरोबर मधून घालत नाहीत, जराशी उजवीकडे घालतात. माशीच्या छातीवरचे राठ केस ओळीनं असतात. कुठल्या ओळीत किती केस, यावरूनही जाती वेगळ्या ठरतात. उजवीकडचे एखाददुसरे मोडले तरी डावी बाजू शाबूत राहते. माशी फारच लहान असेल तर जाड कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला डिंकाच्या थेंबानं चिकटवायची. खाली नखाएवढी चिठ्ठी: गाव, तारीख, कुणी पकडली. ही चिठ्ठी हरवली तर माशी असून नसल्यासारखी.

पण खरी ओळख पुष्कळदा नराच्या पोटाच्या शेवटच्या टोकात असते, जननेंद्रियांत. ते टोक कापून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम करायचं. मांसल भाग विरघळतो आणि कवच उरतं. ते ग्लिसरीनच्या थेंबात फिरवून बघायचं. बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या दोन माशा इथे वेगळ्या होतात. फोटोत हे कसं दिसणार? सह्याद्रीत एका पावसाळ्यात मी फुलावरच्या एका माशीचे चांगले चाळीसेक फोटो काढले. एकही केस धूसर नव्हता. पण पोटाचं टोक खाली दुमडलेलं, त्यामुळे जात शेवटपर्यंत ठरली नाही. ती माशी अजून मला छळते.

मार्शल आणि एव्हनह्युस यांनी नियम मोडला नाही, हेही सांगायला हवं. प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार चित्रात दाखवलेला जीव होलोटाइप ठरू शकतो. तो जीव आज हाती नसला तरी चालतं. म्हणजे खुंटा ती माशीच, कागदावरचा फोटो नव्हे. नाव वैध आहे. तरीही खळबळ उडाली. २०१६ मध्ये जवळजवळ पाचशे अभ्यासकांनी सह्या करून 'झूटॅक्सा'त विरोध छापला. पुढच्या वर्षी ही संहिता ठरवणाऱ्या आयोगानं अशी वर्णनं बाद केली नाहीत, पण नमुना का ठेवला नाही याची कारणं नीट द्यावीत अशी शिफारस केली.

मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, पण सरसकट नाही. रमण अथ्रेय पेशानं खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसरमध्ये प्राध्यापक. अरुणाचलात ईगलनेस्टला त्यांना एक अनोळखी पक्षी दिसला होता. २००६ मध्ये तो जाळ्यात आला. त्याची मापं घेतली, फोटो काढले, गळालेली पिसं ठेवून घेतली आणि त्याला सोडून दिलं. तोवर असे जेमतेम १४ पक्षी दिसले होते. बुगुन लियोसिक्ला हे नाव त्या पिसांच्या आणि फोटोंच्या आधारावर उभं आहे. तिथे मारायला हात धजावणार नाही, धजावूही नये. पण माशीची गोष्ट वेगळी. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. एक माशी टाचणीवर गेल्यानं जात संपत नाही, रान तोडल्यानं संपते.

आणि टाचणीवरची माशी वाट बघू शकते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या ॲथर्टन पठारावर १९८१ मध्ये पकडलेली एक घोडमाशी तीस वर्षं बिननावाची होती. २०११ मध्ये ब्रायन लेसर्ड यांनी तिचं वर्णन केलं. पोटावर सोनेरी केस, म्हणून गायिका बियॉन्सेचं नाव दिलं. पकडणाऱ्याला जो प्रश्न पडलाच नव्हता, त्याचं उत्तर ती माशी तीस वर्षांनी देऊ शकली.

मागच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे. काचेवर एका नराचं टोक आहे, ग्लिसरीनमध्ये. रांगेनं या, काच हलवू नका, आणि खालचा बारीक स्क्रू अगदी सावकाश फिरवा.