भरीत चालतं, मग गाणं का नाही?

नमस्कार मंडळी.

अध्यक्षांनी मला विषय दिलाय 'मराठीचं भवितव्य' आणि वेळ दिलाय पाच मिनिटांचा. म्हणजे मंडळालाही भवितव्याची फारशी आशा नसावी. तेव्हा ते राहू दे. आमच्या घरी गेल्या आठवड्यात जे भांडण झालं, त्याबद्दलच बोलते.

लेक आठवीत आहे. इथल्या अमेरिकन शाळेच्या कार्यक्रमात तिला संजू राठोडच्या 'गुलाबी साडी' या मराठी गाण्यावर नाचायचंय. सोबत एक तेलुगू मैत्रीण आणि दोन पंजाबी. मी म्हटलं, "अगं, मराठीच करायचं तर काहीतरी चांगलं करा ना." ती म्हणाली, "आई, तुझी चांगली गाणी फक्त मराठी लोकांना माहीत आहेत. हे सगळ्यांना माहीत आहे. मग तू चिडतेस कशाला?"

नवरा मध्ये पडला. रॅप म्हणजे मुळात आपला पोवाडाच, हे त्याने तिला समजावून सांगायला घेतलं. तिने कानाला हेडफोन लावले.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. खरंच, चिडले कशाला?

संजू राठोड हा जळगाव जिल्ह्यातल्या खेड्यातला, बंजारा समाजातला मुलगा. गाणं त्यानेच लिहिलं, चाल त्याचीच, आवाज त्याचाच, आणि संगीताची बाजू जी-स्पार्कची. २०२४च्या सुरुवातीला ते आलं तेव्हा पाठीशी सिनेमा नव्हता की मोठा हीरो नव्हता. रील्सवरून उचललं गेलं आणि यूट्यूबवर कोटींच्या घरात पोचलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरच्या फलकावर झळकलेलं पहिलं मराठी गाणं ते हेच. आपल्यापासून तासाभरावर! आपल्यातलं कोण गेलं बघायला? मीही नाही गेले. पार्किंगचे पैसे आठवले. माधुरीने त्यावर रील केलं, तेव्हा कुठे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते 'गोड' ठरलं. तोपर्यंत ते 'काय हे हल्लीचं' होतं.

त्याच वर्षी 'तांबडी चामडी' हे मराठी गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्स या नाचाच्या संगीताच्या कंपनीने काढलं. ज्यांना 'ळ' म्हणता येत नाही ते लोक क्लबमध्ये मराठीवर नाचले. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचे पेढे आपण याच हॉलमध्ये वाटले. एकाच वर्षी मिळालेल्या या दोन मानांपैकी पेढे कशाचे वाटायचे, हे आपण न बोलता ठरवून टाकलं.

गाणं फार थोर आहे असं मी म्हणत नाही. नटलेली मुलगी राजाला फोटो काढायला सांगते, एवढंच आहे त्यात. पण आपल्या लावण्यांमध्ये काय ब्रह्मज्ञान सांगितलेलं असतं? आणि 'नवीन पोपट हा'वर जे लग्नाच्या मांडवात नाचले आणि ज्यांनी घरी आल्यावर "छे, आम्ही नाही ऐकत असलं" म्हटलं, त्यांनी हात वर करावेत. बघा, पहिल्या रांगेतूनच वर आले. 'झिंगाट'च्या वेळी तर आपले खजिनदार गुडघ्याचा पट्टा लावून नाचले होते. तेव्हा समितीने ठराव मागितला नव्हता. सिनेमाचा शिक्का होता ना!

रागावू नका, पण एक बोलते. आपल्याकडे खानदेशातली दोन-चार कुटुंबं आहेत. त्यांची आठवण आपल्याला कधी येते? पॉटलकला, म्हणजे घरोघरून पदार्थ आणून जेवायचं असतं तेव्हा, भरीत हवं असलं की. शेवभाजीचा तिखटपणा आपण मिटक्या मारत सोसतो, पण त्याच मातीतलं बोलणं स्टेजवर आलं की लगेच 'उच्चार जरा बघून घ्या' अशी चिठ्ठी जाते. ती चिठ्ठी बऱ्याचदा माझ्याच हस्ताक्षरात असते, हेही सांगून टाकते.

आता माझी खरी काळजी सांगते. लेकीला ते गाणं तोंडपाठ आहे. तिच्या तेलुगू मैत्रिणीलाही आहे, आणि तिचे उच्चार, कबूल करायलाच हवं, जास्त साफ आहेत. पण गाणं थांबलं की दोघी इंग्रजीवर येतात. त्या मैत्रिणीचं ठीक आहे, तिची ती भाषा नव्हे. माझ्या लेकीला मात्र नाच संपल्यावर मराठीत काय बोलावं हेच सुचत नाही, कारण मराठी बोलण्याजोगं तिच्या वयाचं आपण तिला काही दिलेलंच नाही. मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत आपण अजून 'बदक तळ्यात पोहते' लिहून घेतो. चौदा वर्षांच्या मुलीला बदकाशी काय देणं-घेणं!

'गुलाबी साडी' मागे पडलं, त्याच गायकाचं 'शेकी' आलं, तेही मागे पडेल. मुलं पुढच्या गाण्यावर जातील. ते मराठी असेल की पंजाबी की कोरियन, हे काही आपल्या हातात नाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात ती आपल्याशी कुठल्या भाषेत बोलणार, हे निदान थोडं तरी असावं. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना मी विचारलंय, मोठ्या मुलांसाठी दुसरं काय करता येईल. त्यांनी मलाच विचारलं, "ताई, तुम्ही घरी काय करता?"