भर समुद्रात बोटीवर कोणी दगावलं तर: पहिले तीन तास आणि दिवसांचा हिशोब

नमस्कार. आजचा व्हिडिओ जेवताना बघण्यासारखा नाही, आधीच सांगतो. पण शिडाच्या बोटीवरून लांबचा पल्ला मारणाऱ्या प्रत्येकाने बघावा असा आहे.

सुरुवात एकाच बोटीच्या दोन घटनांपासून. आयकोरकोल, क्लिपर या जगाला फेरी मारणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली ७० फुटी यॉट. सप्टेंबर २०१५ मध्ये पोर्तुगालच्या बाहेर या बोटीवरच्या एका खलाशाला मुख्य शिडाच्या दोराचा फटका बसला आणि तो गेला. बोट पोर्तोकडे वळली, मृतदेह किनाऱ्यावर उतरवला. एप्रिल २०१६, तीच बोट, आता प्रशांत महासागरात. एक खलाशी लाटेबरोबर बाहेर फेकली गेली. वर काढली तेव्हा जीव उरला नव्हता. जमीन कित्येक दिवस लांब. कुटुंबाशी बोलून तिला समुद्रातच निरोप दिला.

म्हणजे मृतदेह राखायचा की समुद्राला द्यायचा, हे ठरतं बंदर किती दिवसांवर आहे आणि हवा किती गरम आहे यावर. पण हा निर्णय नंतरचा. पहिल्या तीन तासांतली कामं दोन्हीकडे सारखीच.

सगळ्यात आधी, माणूस खरंच गेलाय का? गार पाण्यातून काढलेला माणूस ताठ असतो, बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात, नाडी हाताला लागत नाही, आणि तरी तो जिवंत असू शकतो. म्हणून मानेवरची नाडी पूर्ण एक मिनिट बघा आणि सीपीआर, म्हणजे छाती दाबून श्वास देणं, सुरू ठेवून सॅटेलाइट फोनवर डॉक्टर गाठा. जवळच्या सागरी बचाव केंद्रामार्फत तो मिळतो. भारतात ही केंद्रं तटरक्षक दल चालवतं. रोमचं सीआयआरएम हे सागरी वैद्यकीय केंद्र तर १९३५ पासून कोणत्याही देशाच्या जहाजाला फुकट वैद्यकीय सल्ला देतंय. सीपीआर कधी थांबवायचा, हे शक्यतो त्या डॉक्टरलाच सांगू द्या. भरवशाची खूण म्हणजे शरीराच्या खालच्या बाजूला साकळलेल्या रक्ताचे जांभळट डाग. पण ते दिसायला अर्धा ते दोन तास जातात.

आता घड्याळ. मृत्यूनंतर दोनेक तासांत जबडा आखडायला लागतो आणि तो ताठरपणा पुढे हातापायांत उतरतो. उष्ण कटिबंधात हे लवकर होतं. त्याच्या आत हातपाय सरळ केले नाहीत, तर कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, गुडघे दुमडून पडलेला देह आत उतरायच्या अरुंद दारातून जातच नाही. मग जोर लावावा लागतो, आणि ते दृश्य बाकीचे खलाशी आयुष्यभर विसरत नाहीत.

पण सरळ करण्याआधी फोटो. देह जसा होता तसा, आजूबाजूचे दोर, लाइफजॅकेट, टेदर (खलाशाला बोटीशी बांधणारा पट्टा), सगळं. ही साधनं धुऊन पुन्हा वापरात आणू नका, पिशवीत बांधून ठेवा. नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लिपर शर्यतीतच आणखी एक खलाशी गेला. टेदरची कडी डेकवरच्या क्लीटखाली, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीखाली, अडकून वाकली आणि सुटली, हे तपासात कळलं ते ती कडी जपून ठेवली होती म्हणूनच.

हातमोजे घाला. डोळे मिटवा, जबडा पट्टीने बांधा, कमरेखाली प्रौढांचं डायपर किंवा जाड टॉवेल. डोकं थोडं उंच ठेवा, म्हणजे चेहरा काळवंडत नाही. पायाला नाव आणि तारखेची चिठ्ठी.

देह राखायचा असेल तर नेहमी होणारी चूक सांगतो. लोक लगेच प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळतात. शरीराची ऊब आतच कोंडते आणि कुजणं वेगाने सुरू होतं. आधी गार होऊ द्या. बोटीवर फ्रीझर असेल तर गोठवलेल्या बाटल्या पोटावर, काखेत आणि जांघेत ठेवा, आणि पाळीपाळीने बदला. पोट महत्त्वाचं, कारण बिघाड तिथूनच सुरू होतो. गरम हवेत साधारण दिवसभरात पोटावर हिरवट छटा दिसते. जागा बोटीतली सगळ्यात खालची, पाण्याच्या पातळीखालची. पुढचा शिडांचा कप्पा उत्तम. इंजिनाशेजारी कधीच नाही. आणि पट्ट्याने बांधा, नाहीतर रात्री बोट कलंडली की देह घरंगळतो.

कृपा करून एक गोष्ट करा: बोटीवरचं वैयक्तिक इंटरनेट काही तास बंद ठेवा. घरच्यांना बातमी किनाऱ्यावरून, कोणीतरी दारात जाऊन द्यायला हवी, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून नाही.

दुसरी वाट, समुद्रात विसर्जन. ते करण्याआधी बोट ज्या देशाच्या झेंड्याखाली नोंदलेली आहे त्या देशाची आणि कुटुंबाची संमती घ्या. मृत्यूबद्दल जरा जरी संशय असेल तर करूच नका, कारण शवविच्छेदनासाठी मग काहीच उरत नाही. किनाऱ्याजवळ नियम वेगवेगळे. अमेरिकेत किमान ३ सागरी मैल बाहेर आणि बहुतेक ठिकाणी ६०० फूट खोली लागते, आणि ३० दिवसांत सरकारला कळवावं लागतं. खोलीचा हट्ट उगाच नाही. उथळ, कोमट पाण्यात पोटात वायू धरतो आणि देह वर येतो. खोल पाण्यात दाब आणि गारवा तो वायू साठू देत नाही.

वजनाचा हिशोब असा. १० मिलिमीटरची नांगराची साखळी मीटरला सव्वादोन किलो भरते. पाण्यात लोखंड सुमारे तेरा टक्के हलकं होतं. म्हणजे पंधरा मीटर साखळी पाण्यात तीसेक किलोचं काम करते. ती पोटऱ्यांना बांधा, पाय आधी खाली जातील. कापड सुती, चादर चालेल. शिवताना भोकं ठेवा, हवा निघाली पाहिजे. लाइफजॅकेट, फोमची गादी, प्लॅस्टिक आत काहीही नको. आपोआप फुगणारं जॅकेट आत राहिलं तर काय होईल, सांगायला नको.

बोट हीव्ह-टू करा, म्हणजे शिडं आणि सुकाणू एकमेकांविरुद्ध लावून जवळपास जागेवर थांबवा, इंजिन बंद, देह वाऱ्याच्या आडच्या बाजूने सोडा. कडेला उभा प्रत्येक जण टेदरने अडकवलेला हवा, कारण सगळे भावनेच्या भरात एकाच बाजूला गोळा होतात. वेळ, अक्षांश, रेखांश लॉगबुकात, म्हणजे बोटीच्या नोंदवहीत.

हिंदू घरात प्रश्न येतो, दहनाचं काय? संन्याशांना जलसमाधी देण्याची रीत आपल्याकडे आहेच. शिवाय देह नसताना पळसाच्या ३६० पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचा पालाशविधीही आहे. तरी केसांची एक बट कापून ठेवावी असं मला वाटतं. घरच्यांच्या हातात द्यायला काहीतरी असतं. मुस्लिम खलाशासाठी गुस्ल (देहाला अंघोळ), कफन, जनाजाची नमाज आणि मग विसर्जन.

कधी कधी मधला मार्गही निघतो. मे २००६, जगाला फेरी मारणारी व्होल्वो शर्यत, एबीएन ॲम्रो टू नावाची बोट. लाटेने नेलेल्या खलाशाचा देह बोटीवर होता, आणि त्याच अवस्थेत त्यांनी बुडायला आलेल्या मोविस्टार बोटीच्या दहा जणांना वर घेतलं. नंतर देह ब्रिटिश नौदलाच्या जहाजाकडे सोपवला. मोठ्या जहाजावर शीतगृह असतं, पण उसळत्या समुद्रात देह हलवताना जिवंत माणूस पडू शकतो. समुद्र शांत नसेल तर हट्ट नको.

आता लॉगबुक. देह नसताना मृत्यूचा दाखला मिळणं याच पानांवर अवलंबून असतं. भारतात बेपत्ता माणसाची सात वर्षं खबर नसेल तर तो मेला असं कायदा गृहीत धरतो. घरच्यांना त्या वाटेवर लोटायचं नसेल तर कोणी काय पाहिलं, कधी पाहिलं, कोणतं औषध दिलं, डॉक्टर काय म्हणाला, सगळं यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेसह लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. खाडाखोड नको. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहा.

बंदराला आदल्या दिवशीच कळवा. पिवळा झेंडा लावा, म्हणजे आरोग्य तपासणी व्हायची आहे ही खूण. आरोग्याच्या सागरी घोषणापत्रात पहिलाच प्रश्न असतो, अपघाताशिवाय कोणी दगावलं का? पोलीस चढेपर्यंत डेक धुऊ नका. आणि मूळ लॉगबुक ते घेऊन जाऊ शकतात, म्हणून धक्क्याला लागायच्या आधी प्रत्येक पानाचा फोटो काढून किनाऱ्यावर पाठवा.