सुलतानाच्या देशातले दोन तास

सोलापूरजवळच्या कुंभारी येथील विडी कामगार महिलांच्या वसाहतीत सुमारे १०,००० घरे आहेत. मांडीवरच्या सुपात तंबाखू, हातात कात्री. तेंदूचे पान मापाने कापायचे, भरून वळायचे, टोक दुमडून दोरा बांधायचा, आणि मजुरी मोजली जाते ती हजार विड्यांमागे. या ओसरीवर रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा वाचली, तर तिच्यातला एक विनोद झोंबतो.

कथेतल्या स्त्रीराज्यात पुरुष ‘मर्दान्या’त, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या दालनात, बंद आहेत आणि कारभार स्त्रिया पाहतात. तुमचे सगळे काम दोन तासांत कसे उरकते, असे कथा सांगणारी सुलताना विचारते. त्यावर तिला तो देश दाखवणारी, सारा नावाची स्त्री हिशेब मांडते: एक चिरूट जळायला अर्धा तास, दिवसाला बारा चिरूट, म्हणजे पुरुषाचे सहा तास नुसत्या धुरात जातात. ते चिरूट वळले कोणी, हे मात्र सारा सांगत नाही.

ही कथा १९०५ साली मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात आली. बंगालमधल्या रंगपूर जिल्ह्यात, कडक पडद्याच्या घराण्यात वाढलेल्या या लेखिकेने सूर्याच्या उष्णतेवर चालणारी स्वयंपाकघरे कल्पिली (सोलापूरच्या मे महिन्यात ती कल्पना मुळीच अद्भुत वाटत नाही), आणि त्याच उष्णतेचा झोत शत्रूवर सोडून युद्धही जिंकून दाखवले.

स्त्रियांच्या आदर्श नगरीची परंपरा फ्रेंच लेखिका क्रिस्तीन द पिझां यांच्या १४०५ मधल्या ग्रंथापर्यंत मागे जाते. १६६६ मध्ये इंग्लिश लेखिका मार्गारेट कॅव्हेंडिश यांनीही एक कल्पित जग रचले. तरी या प्रकाराचा विषय निघाला की अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिलमन यांच्या ‘हरलँड’चे नाव आधी घेतले जाते, ते मला पटत नाही. ती कादंबरी १९१५ ची, म्हणजे रोकेयांनंतर दहा वर्षांची, आणि पुस्तकरूपाने तर १९७९ मध्ये आली. शिवाय गिलमन यांच्या देशात दोन हजार वर्षे पुरुषच नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी रोजचा व्यवहार कसा करायचा हा पेच तिथे पुरुष पाहुणे येईपर्यंत उद्भवतच नाही. रोकेया पुरुषांना ठेवतात, कोंडतात, त्यांच्याकडून स्वयंपाक करून घेतात आणि मुले सांभाळून घेतात. त्यांचे व्यंग अधिक धारदार आहे ते यामुळेच.

कोंडण्याऐवजी कामच वाटून घेण्याची कल्पना अमेरिकन लेखिका मार्ज पियर्सी यांनी १९७६ मधल्या कादंबरीत पुढे नेली. तिथे पुरुषही तान्ह्या मुलांना अंगावर पाजतात.