ऐकणाऱ्याच्या कानातला पूर्वग्रह

नमस्कार, श्रोतेहो. रेडिओवर बोलणारी व्यक्ती दिसत नाही, केवळ तिचा आवाज पोहोचतो. तरीही तो आवाज बाईचा की पुरुषाचा हे लक्षात येताच आपण त्या बोलण्याचे वजन मनोमन ठरवून मोकळे होतो. याचा पुरावा आपल्याच देशातल्या खेड्यांतून मिळाला आहे.

१९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. पश्चिम बंगालमध्ये प्रधानपदाचे, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचपदाचे, हे आरक्षण गाव किती पुढारलेले आहे हे पाहून नव्हे, तर आळीपाळीने ठरत असल्यामुळे, बाईचा कारभार पाहिलेली आणि न पाहिलेली गावे यांची तुलना करण्याची दुर्मीळ संधी अर्थशास्त्रज्ञ एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गावकऱ्यांना प्रधानाच्या भाषणाचे ध्वनिमुद्रण ऐकवले गेले. शब्द तेच, आश्वासने तीच. काहींना ते पुरुषाच्या आवाजात ऐकवले, काहींना स्त्रीच्या. जिथे कधीच स्त्री प्रधान झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी स्त्रीच्या आवाजातल्या त्याच भाषणाला कमी गुण दिले. जिथे स्त्रीने कारभार केला होता, तिथे मात्र हा फरक उरला नव्हता.

‘पुढारी’ म्हटले की मनासमोर पुरुषच उभा राहतो आणि स्त्रीला त्या साच्याशी ताडून पाहिले जाते. एका ग्रामसभेत मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. सरपंचबाई पाणीयोजनेबद्दल बोलत होत्या. कोणत्या वस्तीवरची जलवाहिनी कुठे फुटली आहे हे त्यांनी कागद न पाहता सांगितले. त्यांचे बोलणे संपताच पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मान वळवून, कोणतेही पद नसलेल्या सरपंचबाईंच्या यजमानांना विचारले, “काय भाऊ, बरोबर ना?” विचारणारा माणूस वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. द्वेष निदान ओळखता येतो. अशा सवयीने केलेला अपमान करणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही आणि म्हणूनच तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

बंगालमधल्या पहिल्या स्त्री प्रधानांनाही, त्यांचे काम कमी दर्जाचे नसताना, गावकऱ्यांनी कमी लेखले होते. दुसऱ्यांदा पद राखीव झाल्यावर आलेल्या स्त्रियांच्या वाट्याला हा अन्याय आला नाही. मात्र पुरुषांची आवड बदलली नाही: बाई कारभार नीट करते हे मान्य करूनही पुढारी पुरुषच असावा, असे त्यांना वाटतच राहिले. मला या अभ्यासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते, कारण समजूत अनुभवाने सुधारते, पण आवडीनिवडीची मुळे फार खोल गेलेली असतात.

महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. त्याने काय साधले, असे विचारणाऱ्यांनी याच संशोधकांपैकी काहींचा पश्चिम बंगालमधलाच २०१२चा अभ्यास पाहावा. सलग दोनदा स्त्री प्रधान लाभलेल्या गावांमध्ये मुलींसाठी नोकऱ्यांच्या नव्या वाटा निघाल्याचे आढळले नाही. तरीही आईवडील मुलीसाठी मोठी स्वप्ने पाहू लागले, शिक्षणात मुलगे आणि मुली यांच्यातले अंतर मिटले आणि मुलींचा घरकामात जाणारा वेळ कमी झाला.