प्रलय, ब्लास्ट बीटसकट

(दृश्य: रात्र, ग्वाल्हेरचा लष्कर भाग, जुन्या वाड्याची गच्ची, मागे किल्ला)

निवेदन:

आधी व्हायोलिनं. मग कॉयर. मग डबल बास ड्रम आणि ब्लास्ट बीटचा, म्हणजे अतिद्रुत लयीतल्या सलग ठोक्यांचा, असा मारा, की गायकाची किंकाळी त्यातून कशीबशी वाट काढते. हे सिम्फॉनिक ब्लॅक मेटल, म्हणजे वाद्यवृंदाची जोड दिलेलं, सैतान आणि प्रलय गाणारं कर्कश रॉक. खयालाच्या या गावात ते ऐकणारी मराठी पोरं मोजकी आहेत, पण आहेत.

गाण्यातले शब्द कळत नाहीत, म्हणून पोरं ते वाचतात आणि वाचता वाचता बायबलच्या शेवटच्या पुस्तकाशी पोचतात. प्रकटीकरण! गुंडाळीवरचे सात शिक्के, सात कर्णे, चार घोडेस्वार. सातवा शिक्का फुटला की स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता. कर्णा कधी फुंकायचा, कधी गप्प बसायचं, सगळं लिहिलेलंच आहे. संगीतकाराला आणखी काय हवं?

(दृश्य: कीबोर्डवरचे हात)

सुरुवात गरिबीतली. नॉर्वेच्या एम्परर बँडचा पहिला मोठा अल्बम १९९४ चा; त्यातला ऑर्केस्ट्रा म्हणजे कीबोर्ड. २००३ मध्ये नॉर्वेच्याच डिमू बोरगिर बँडनं ‘डेथ कल्ट आर्मागेडन’साठी प्रागचा खराखुरा वाद्यवृंद घेतला. त्याच वर्षी इंग्लंडच्या क्रेडल ऑफ फिल्थ बँडनं बुडापेस्टचे वादक घेऊन मिल्टनच्या ‘पॅराडाइज लॉस्ट’ या महाकाव्यातला सैतान उभा केला.

यातला एक भाग गाळून चालणार नाही. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फान्टोफ्टचं लाकडी चर्च जाळलं गेलं, मग आणखीही जळली. अशा जाळपोळीसाठी शिक्षा झालेल्यांत एम्पररचेही वादक होते. याला बंड म्हणणारे अजून भेटतात. गुन्हा होता तो. आणि ज्या चर्चवर एवढा राग, त्याचाच ऑर्गन, त्याचंच समूहगान, त्याचीच लॅटिन उसनी घेतल्याशिवाय यांची देवनिंदासुद्धा उभी राहत नाही! पुढे २०११ मध्ये ऑस्लोत तर नॉर्वेच्या सरकारी रेडिओचा ऑर्केस्ट्रा डिमू बोरगिरबरोबर मंचावर होता.

(दृश्य: तानसेनाची समाधी)

देव आणि गाणं वेगळं काढायची सवय ग्वाल्हेरला नाही. इथला तानसेन समारोह सुरू होतो तोच हरिकथा आणि मिलादनं, म्हणजे पैगंबरांच्या स्तुतिगानानं. लष्करातल्या एका कीर्तनकार आजोबांना नातवानं हे मेटल ऐकवलं. गोंगाटाबद्दल ते काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, “कल्पांत झाला, कळलं. पण अरे, वटपत्रावरचं बाळ कुठाय?”

मार्कंडेयाच्या आख्यानात प्रलयाच्या पाण्यावर ते बाळ पायाचा अंगठा चोखत पडलेलं असतं. प्रकटीकरणाच्या २१ व्या अध्यायातही नवं आकाश, नवी पृथ्वी येते. बहुतेक बँड तिथवर पोचतच नाहीत. आगीतच त्यांचं कडवं संपतं. मला ही या संगीताची खरी उणीव वाटते. हिंसेपेक्षा मोठी नव्हे, पण संगीत म्हणून मोठी.

(दृश्य: कीबोर्ड, शेजारी झांजा)

नातवानं आता तोच पुढचा भाग रचायला घेतलाय. ड्रमवरून घरात वाद आहे. आजोबांची ब्लास्ट बीटला हरकत नाही, फक्त तो विलंबितात हवा म्हणतात.