एकाच बाजूचे दोन हात, पण व्हेटो एकाचाच!

नमस्कार मंडळी! कंबोडियाच्या व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय: "१३ विरुद्ध २, तरी ठराव पडला कसा?" चला, आज हे मिटवूनच टाकू.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत १५ सदस्य, त्यातले पाच कायमचे (सोव्हिएत संघ त्यातलाच एक), ठरावाला नऊ मतं लागतात. हे शाळेत झालंय, पुढे जाऊ.

७ जानेवारी १९७९ला व्हिएतनामी फौजा कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये शिरल्या, तिथली पोल पॉटची राजवट पळाली. परकी सैन्यं बाहेर काढा, असा ठराव १५ जानेवारीला मताला आला. बाजूने तेरा. विरोधात दोन, सोव्हिएत संघ आणि चेकोस्लोव्हाकिया. आता नीट बघा. हात दोघांचेही सारखेच वर गेले, पण व्हेटो पडला तो फक्त सोव्हिएतचा. चेकोस्लोव्हाकियाचं ते नुसतं विरोधी मत. व्हेटोसाठी वेगळं बटण नसतं हो! कायम सदस्याने "नाही" म्हटलं, की तोच व्हेटो, आणि ठराव पडला.

"नाही" म्हणावं लागतं, बरं का. तटस्थ राहिलं तर व्हेटो होत नाही. "चीन तटस्थ राहिला म्हणजे व्हेटोच की," असं लिहिणाऱ्या दादांनो, नाही! गैरहजर राहूनही होत नाही. १९५०मध्ये सोव्हिएत प्रतिनिधी बहिष्कार टाकून बाहेर बसले आणि कोरियाचे ठराव आत आरामात मंजूर झाले. आमच्या सोसायटीतले एक काका मीटिंगला येत नाहीत आणि नंतर जिन्यात गाठून "माझा व्हेटो होता" म्हणतात, त्यातलाच प्रकार.

अजून पटत नसेल तर आपला गोवा घ्या. डिसेंबर १९६१. भारताने सैन्य मागे घ्यावं, असा ठराव. तेव्हा परिषद अकरा जणांची, सात मतं पुरायची, आणि सात पडलीही! विरोधात चार: सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक, सोव्हिएत संघ. पहिल्या तिघांच्या जोरावर ठराव अडला नसता. अडवला तो चौथ्याने. म्हणून "चार देशांनी व्हेटो केला" असं लिहू नका, प्लीज, डोकं फिरतं माझं.

आमसभेत मात्र व्हेटो नाहीच. तिथे १९७९च्याच सप्टेंबरमध्ये ७१ विरुद्ध ३५ मतांनी कंबोडियाची खुर्ची पोल पॉटच्या गटाकडेच राहिली. आणि त्या ७१मध्ये अमेरिका आणि चीन दोघेही होते!