बागेच्या जुन्या ट्रॅक्टरचा झिजलेला पीटीओ शाफ्ट

श्रोतेहो, नमस्कार.

द्राक्षबागेच्या दोन ओळींमधून सहज फिरणारा छोटा ट्रॅक्टर पंधरा-वीस वर्षांचा झाला, की त्याच्या इंजिनाकडे सगळेच लक्ष देतात. परंतु त्या इंजिनाची ताकद मागच्या फवारणीच्या ब्लोअरपर्यंत नेणारा पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) शाफ्ट खडखडू लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असली, की फवारणी एक दिवसही पुढे ढकलता येत नाही. म्हणून हा शाफ्ट छाटणीच्या आधी, सवड असतानाच उघडून पाहावा.

प्रथम इंजिन बंद करून चावी काढून खिशात ठेवावी. मग शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट पिळावा आणि वर-खाली हलवावा. सांध्यात ‘टक्’ असा आवाज आला, किंवा क्रॉसच्या कपांभोवती गंजासारखी तांबूस भुकटी दिसली, तर आतले ग्रीस संपून सुई बेअरिंग कोरडे पडले आहे असे समजावे. क्रॉस म्हणजे चार बाहूंचा तो अधिक चिन्हासारखा तुकडा. त्याच्या प्रत्येक बाहूवर एक कप आणि कपात बारीक सुया असतात. जुना क्रॉस काढून पुसला, की बाहूवर सुयांचे खोल वळ उमटलेले बोटाला लागतात. असा क्रॉस नुसते ग्रीस भरून सुधारत नाही, तो बदलावाच लागतो. नवा आणताना जुना सोबत न्यावा आणि कपाचा व्यास व समोरासमोरच्या दोन कपांमधील बाहेरून बाहेरचे अंतर ही दोन्ही मापे जुळवून घ्यावीत.

बसवण्याच्या कामात घाई नडते. कपातल्या सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवाव्या लागतात; त्यांतली एखादी आडवी होऊन कपाच्या तळाशी पडली, तर कप पूर्ण आत जात नाही आणि सर्क्लिप, म्हणजे कपाला जागेवर धरणारी कडी, खाचेत बसत नाही. माझ्या हातून हे पूर्वी घडले आहे, आणि हातोडीचे दोन ठोके जास्त मारल्याने नव्या क्रॉसचा कप तडकला होता. सर्क्लिप बसत नसेल, तर कप परत काढून सुया तपासाव्यात. ग्रीसचे निपल ग्रीसगन पोहोचेल अशा बाजूला आहे ना, हेही कप ठोकण्यापूर्वीच पाहावे.

योकची, म्हणजे क्रॉसचे कप ज्यात बसतात त्या दुबेळक्यासारख्या तुकड्याची, भोकेच मोठी झाली असतील, तर वेल्डिंगने भरून काम भागवण्याचा मोह होतो. माझे मत स्पष्ट आहे: योक नवा घ्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने योक वाकडा होतो, मग भोके एका रेषेत राहत नाहीत आणि नवा क्रॉसही लवकर खराब होतो. ट्रॅक्टरकडच्या सहा दातांच्या स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्ट ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खाचदार भागाचे, दात टोकदार झाले असतील, तर तेथेही हेच लागू पडते.

एकमेकांत सरकणाऱ्या दोन नळ्या पुन्हा जोडताना एक गोष्ट विसरू नये. नळ्यांच्या टोकांचे दोन्ही योक एकाच पातळीत आले पाहिजेत. कोनात फिरणारा एक सांधा प्रत्येक फेरीत दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा कमी करतो; दुसरा सांधा योग्य बसला आणि दोन्हींचे कोन सारखे असले, तरच हा चढउतार भरून निघतो. योक तिरके बसले, की ब्लोअर थरथरतो आणि दोष मात्र पंख्याला दिला जातो. वापरात असताना दोन नळ्या निदान एक तृतीयांश लांबीपर्यंत एकमेकींत राहिल्या पाहिजेत.

शाफ्टवरचे प्लास्टिकचे आवरण फुटले म्हणून फेकून दिलेले मी अनेक बागांत पाहतो आणि मनापासून अस्वस्थ होतो. पीटीओचे मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे; पाच सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट एका सेकंदात सव्वा मीटरहून अधिक कापड गुंडाळतो. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर अडकला, तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. क्रॉसच्या पैशांबरोबर आवरणाचे पैसेही काढून ठेवावेत.

शेवटी चारही कपांमधून ग्रीस डोकावेपर्यंत ते भरावे, कमी वेगावर दहा मिनिटे शाफ्ट फिरवावा, इंजिन बंद करून तो पूर्ण थांबल्यावर प्रत्येक कपाला हात लावून पाहावा. एखादा कप बाकीच्यांपेक्षा गरम लागला, तर तोच पुन्हा उघडावा.